चार तास अकरा सेकंद : एका अंदाजाचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी वहिनींचा फोन आला. सकाळीच त्या नागपुरातली एक हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) धावून आल्या होत्या. वेळ १:५५:१२. "भाऊजी, तुमच्या शीटमध्ये टाकून बघा ना, मुंबईला किती होईल?" हाफच्या वेळेवरून फुल मॅरेथॉनच्या वेळेचा अंदाज सांगणारी ती माझी शीट. मी टाकलं. उत्तर आलं ४:००:११.

ते उत्तर ४:०४ आलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं, असं मला आजही वाटतं. चार तासांवर फक्त अकरा सेकंद! बेचाळीस किलोमीटरांत अकरा सेकंद म्हणजे पाण्याच्या टेबलाशी एकदा घुटमळणं. मी लक्ष्याच्या रकान्यात सरळ ४:००:०० लिहिलं, पेस, म्हणजे एका किलोमीटरला द्यायचा वेळ, ५:४१ मिनिटं काढला आणि पाठवून दिला. वहिनींनी तो कागदाच्या पट्टीवर छापला, वरून सेलोटेप लावला आणि मनगटाला गुंडाळून मुंबई गाठली. तिथे त्यांचा वेळ लागला ४:३१:०७.

एकतीस मिनिटं गेली कुठे, याचा हा हिशेब आहे. शीट माझी होती, तेव्हा मांडणंही मलाच आलं.

वहिनी म्हणजे माझ्या कॉलेजमित्राची बायको. तेव्हा वय ४१, वजन ५७ किलो, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतात. त्यांच्या परवानगीने लिहितोय, नाव तेवढं त्यांनी नको म्हटलं. पाच वर्षांपासून धावतात, हाफ बऱ्याच झालेल्या, फुल ही पहिलीच. आठवड्याला ३५ ते ३८ किलोमीटर. कॉलेज, स्वयंपाक, पोरीची दहावी सांभाळून तेवढंच जमायचं. सर्वांत लांब धाव २८ किलोमीटरची, तीही एकदाच. रस्ता ठरलेला: फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ, जपानी गार्डन, सिव्हिल लाइन्स, पुन्हा फुटाळा. मित्र अ‍ॅक्टिव्हावर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे. त्याने तेव्हाच मला विचारलं होतं, "इतकं काहून पळवून राहिला बे तिले? पहिलीच तर आहे." मी त्याला शीटच्या सूत्रातला घातांक समजावून सांगितला होता. आता ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मुंबईतली सकाळ

शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची, मुंबई मॅरेथॉन. आदल्या दिवशी दुरांतोने थेट सीएसएमटीला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिथूनच धावायला सुरुवात करायची, ही नागपूरकरांची मोठी सोय. नोंदी घड्याळातून घेतलेल्या आहेत, अंतरं रस्त्यावरच्या पाट्यांची:

५ किमी : ०:२८:२०
अर्धं अंतर : १:५९:४८
२५ किमी : २:२२:३०
३० किमी : २:५३:४०
३५ किमी : ३:३०:२०
४० किमी : ४:१२:५०
शेवट : ४:३१:०७

अर्ध्या अंतरापर्यंत पट्टीवरचा आकडा आणि पायांतला आकडा तंतोतंत जुळत होता. चार तासांत शेवट गाठायचा म्हणून ठरल्या वेगाने पुढे धावणाऱ्या पेसरच्या झेंड्यामागच्या घोळक्यात, आम्ही ज्याला बस म्हणतो त्यात, वहिनी होत्या. पंचविसाव्या किलोमीटरनंतर बस पुढे सरकायला लागली. तिसाव्यानंतर पेस सात मिनिटांपलीकडे गेला. परतीच्या वाटेवर पस्तिसाव्याच्या आसपास पेडर रोडचा चढ येतो, तो त्यांनी चालतच चढला. चालत चढणारे शेकडो होते, त्यात कमीपणा काही नाही. पण पुढच्या उतारावरही पाय उचलेनात. ३० ते ४० या दहा किलोमीटरांना ७९ मिनिटं १० सेकंद लागले. पहिल्या दहाला ५६ आणि काही सेकंद लागले होते.

मरीन ड्राइव्हवर मित्र उभा होता. त्याला बघून वहिनी म्हणाल्या, "माझं काय चुकलं?" हा प्रश्न मला त्याने नंतर फोनवर सांगितला. मला तो जास्त लागला, कारण त्यांचं फारसं काही चुकलेलं नव्हतं.

सूत्र आणि त्याचा बाप

माझ्या शीटमध्ये जे सूत्र आहे तेच इंटरनेटवरच्या बहुतेक कॅल्क्युलेटरांत असतं. पीटर रीगल नावाच्या अमेरिकी अभियंत्याने ते १९७७ साली मांडलं आणि १९८१ मध्ये सविस्तर लिहिलं. नव्या अंतराला जुन्या अंतराने भागायचं, आलेल्या संख्येचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्याने जुना वेळ गुणायचा. हाफवरून फुल काढताना अंतर दुप्पट, म्हणून गुणक २ चा १.०६ वा घात, म्हणजे २.०८५. घातांक १ असता तर अंतर दुप्पट झाल्यावर वेळही दुप्पट झाला असता, थकवा नावाची चीजच नसती. वरचं ०.०६ म्हणजे थकव्याची फी. वहिनींचे ६९१२ सेकंद गुणिले २.०८५ म्हणजे १४४११ सेकंद. गुणाकारात खोट नाही.

फेब्रुवारीत, पाय आणि डोकं दोन्ही थंड झाल्यावर, आम्ही कस्तुरचंद पार्ककडे तर्री-पोहे खायला बसलो. रविवारच्या धावण्यानंतरचा हा आमच्याकडचा विधीच. वहिनींनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. रीगलचा लेख त्यांनी शोधून वाचला होता. "भाऊजी, या सूत्राचं डोमेन बघितलं होतं का तुम्ही?"

मी नव्हतं बघितलं. रीगलने स्वतः लिहून ठेवलंय की हे साडेतीन मिनिटं ते २३० मिनिटं एवढ्या कालावधीच्या प्रयत्नांना लागू पडतं. २३० मिनिटं म्हणजे ३ तास ५० मिनिटं. त्याने घातांक काढला तो विक्रमी वेळांवरून. आठवड्याला ३५ किलोमीटर धावून पहिल्यांदा फुलला उभी राहणारी गणिताची शिक्षिका त्याच्या नजरेसमोर नव्हती. चार तासांचा अंदाज म्हणजे सूत्राच्या कुंपणाबाहेर टाकलेलं पाऊल. अकरावीच्या पोरांचे मी यावरून मार्क कापते, असं त्या म्हणाल्या आणि तर्री वाढून मागितली.

२०१६ मध्ये अँड्र्यू विकर्स आणि एमिली व्हर्टोसिक या संख्याशास्त्रज्ञांनी हौशी धावपटूंच्या वेळांवर हेच सूत्र तपासलं. हाफपर्यंत ते ठीक चालतं. फुलला मात्र निम्म्या धावपटूंना ते किमान दहा मिनिटं जास्त वेगवान वेळ सांगतं. आठवड्याचे किलोमीटर हिशेबात घेतल्यावर त्यांचा अंदाज सुधारला. हे सगळं छापलेलं, कुणालाही वाचता येण्यासारखं होतं आणि मी वर्षानुवर्षं लोकांना पट्ट्या वाटत होतो.

हाफमध्ये हे का लपतं? दोनेक तासांच्या धावेला शरीरातला साठवलेला ग्लायकोजन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, पुरतो. धावायला साधारण किलोमागे, किलोमीटरमागे एक किलोकॅलरी लागते. वहिनींच्या वजनाला फुलसाठी सुमारे २४०० झाल्या. स्नायू आणि यकृतात मिळून कर्बोदकांचा साठा ढोबळमानाने १६०० ते २००० किलोकॅलरींचा, आणि त्यातलाही सगळा वापरता येत नाही. उरलेली ऊर्जा चरबीतून यायची, पण चरबी सावकाश जळते आणि वेग वाढवला की शरीर कर्बोदकांवर जास्त विसंबतं. म्हणून किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंदांची उधळपट्टी पहिल्या दोन तासांत अंगावर येत नाही, तिसाव्या किलोमीटरला व्याजासकट येते. त्या दिवशी त्यांनी धावताना चोखायचे साखरेचे जेल अवघे दोन घेतले होते, पोट बिघडेल या भीतीने. दोन जेल म्हणजे सुमारे २०० किलोकॅलरी. जास्त किलोमीटर धावणाऱ्याचे स्नायू जास्त साठवतात आणि चरबीही बरी जाळतात. तेव्हा घातांक हा निसर्गाचा स्थिरांक नाही, बऱ्याच अंशी तो आठवड्याच्या किलोमीटरांची सावली आहे.

हाफ हाफ नव्हतीच

दुसरी गोष्ट मला स्वतःला सापडली, आणि ती सापडायला नको होती इतकी साधी निघाली.

वहिनींच्या घड्याळात डिसेंबरच्या त्या हाफचं अंतर २०.८२ किलोमीटर दाखवलेलं. फोनवर त्यांनी हे सांगितलंही होतं. मी म्हणालो, घड्याळं कमी-जास्त दाखवतात, वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली तर ती वेडीच होतात. अर्धवट ज्ञान. जीपीएस घड्याळ चुकतं हे खरं, पण मोकळ्या रस्त्यावर ते बहुधा एकाच बाजूला चुकतं. धावपटू वळणावर सगळ्यांत आतली रेघ धरत नाही, गर्दीत नागमोडी जातो, शिवाय उपग्रहाचे ठिपके थोडे हलत राहतात. त्यामुळे नीट मोजलेल्या हाफवर घड्याळ २१.२, २१.३ असं काही दाखवतं. २१.१ पेक्षा कमी दिसलं की कान टवकारायला हवेत.

मग घड्याळाचा माग नकाशावर टाकला आणि शर्यतीआधी जाहीर झालेला मार्ग त्याच्यावर ठेवला. यू-टर्न जिथे असायला हवा होता त्याच्या सुमारे २०० मीटर अलीकडे सगळे वळले होते. वळण दाखवणारा ट्रॅफिकचा कोन कुणीतरी अलीकडे ठेवला असावा. पहाटेच्या अंधारात, ट्रॅफिक थांबवायच्या गडबडीत होतं असं. जाता-येता मिळून ४०० मीटर कमी. म्हणजे अंतर २०.७ किलोमीटर. आयोजक कोण ते इथे लिहीत नाही, अशा हाफ मी बऱ्याच शहरांत पाहिल्यात.

रस्त्यावरच्या शर्यती मोजायची रीत ठरलेली आहे. सायकलच्या चाकाला गणक लावतात, पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर तो जुळवून घेतात, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून जातात आणि वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा टाकतात, म्हणजे चुकून कमी भरायला नको. फुलला हे ४२ मीटर होतात. गंमत अशी की पीटर रीगल स्वतः याच कामातला माणूस होता. मार्ग मोजणाऱ्यांसाठीचं वार्तापत्र तो वर्षानुवर्षं चालवत होता. त्याच्याकडे कुणी वहिनींची हाफ घेऊन गेलं असतं, तर सूत्र काढण्याआधी त्याने टेप मागितला असता.

२०.७ किलोमीटरांच्या १:५५:१२ वरून खऱ्या हाफचा वेळ येतो १:५७:३३. आणि त्याच १.०६ ने फुल येतं ४:०५:०५. अकरा सेकंदांचा मोह इथेच संपला होता, आम्हाला ठाऊक असतं तर.

घाम वाळतो तिथे आणि गळतो तिथे

नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर, कधी त्याहूनही खाली. हवा कोरडी. अंबाझरीच्या काठावर धावताना घाम आला कधी आणि वाळला कधी कळत नाही, टी-शर्टवर पांढरे मिठाचे नकाशे तेवढे उरतात. आपण उन्हाळ्यात ४५ अंश सोसतो म्हणून मुंबईच्या जानेवारीला हसतो. पण उन्हाळ्यातलं सोसणं वेगळं. मे महिन्यात कुणी चार तास धावत नाही, सहा-साडेसहाला गुपचूप घरी येतो.

मुंबईत त्या पहाटे पारा वीसच्या आसपास असतो आणि हवा ओली. घाम वाळला तरच अंग थंड होतं, नुसता गळून उपयोग नाही. अंग तापलं की हृदय त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, त्याच पेसला नाडी वाढत जाते. सव्वासातच्या सुमारास सूर्य वर येतो तेव्हा चार तासवाल्यांची जवळपास निम्मी शर्यत बाकी असते. आणि हळू धावणाऱ्याला याचा फटका जास्त बसतो, कारण तो जास्त वेळ त्या हवेत असतो.

किती फटका? परदेशातले तक्ते आहेत, पण ते त्यांच्या माणसांचे. वहिनींनी स्वतःच्याच डायरीतून उत्तर काढलं. ऑगस्टात नागपूरही दमट असतं. त्याच फुटाळ्याच्या फेरीवर, नाडी १५० ठेवून, ऑगस्टातला पेस ६:३५ आणि डिसेंबरातला ६:१२. फरक सहा टक्क्यांचा. मुंबईचा जानेवारी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आणि डिसेंबरच्याच बाजूला. आम्ही तिसरा हिस्सा धरला, दोन टक्के. हा शास्त्रीय आकडा नाही, पण त्यांच्या स्वतःच्या फुप्फुसांतून आलेला आहे.

हिशेब

आता रकाने मांडले. शीटने सांगितलेले ४:००:११. मार्गाची दुरुस्ती: ४ मिनिटं ५४ सेकंद. आठवड्याला ३५ किलोमीटरवाल्या पहिल्या फुलसाठी घातांक १.०६ ऐवजी १.१५ धरला तर ४:२०:५२, म्हणजे आणखी १५ मिनिटं ४७ सेकंद. दोन टक्के दमटपणाचे: ५ मिनिटं १३ सेकंद. इथवर ४:२६:०५. प्रत्यक्ष लागले ४:३१:०७. उरलेली ५ मिनिटं २ सेकंद पहिल्या अर्ध्यातल्या घाईच्या नावावर टाकली.

मी खूश. अभियंत्याला बेरीज जुळली की जेवण पचतं. ३१ मिनिटांतली २६ मिनिटं वहिनींनी गमावलेलीच नव्हती, ती त्यांच्याकडे कधी नव्हतीच. चुकीच्या ताळेबंदात मी ती जमा दाखवली होती.

वहिनींनी कागद परत केला. "हे उत्तर माहीत असताना सोडवलेलं गणित आहे, भाऊजी. १.१५ कुठून आणलं? १.१८ धरलं तर पेसिंगच्या नावावर काहीच उरत नाही." बरोबर होतं. निव्वळ उत्तरातून घातांक काढला तर तो १.२१ येतो, आणि त्यात घाई, दमट हवा, कमी किलोमीटर सगळं एकत्र कालवलेलं. वेगळं काढायचं तर पुढच्या वर्षी आधी अंदाज लिहायचा आणि मग धावायचं. दुसरा उपाय नव्हता.

दुसरं वर्ष

जूनपासून आठवड्याचे किलोमीटर हळूहळू ४५, मग ५५. शेवटच्या दोन महिन्यांत एक आठवडा ६२ चा. तीस किंवा बत्तीस किलोमीटरच्या पाच धावा, त्यातल्या दोन अशा की शेवटचे दहा किलोमीटर शर्यतीच्या पेसला. सेमिनरी हिल्सचा चढ मुद्दाम पंचविसाव्या किलोमीटरनंतर यावा अशी फेरी उलटी फिरवली, पेडर रोडची रंगीत तालीम म्हणून. जेलचा सराव घरच्याच लांब धावांत केला. मित्राने मध्येच एकदा संत्रा बर्फीही दिली. ती चालते, पण नंतर दहा मिनिटं पाणीच पाणी लागतं.

डिसेंबरात हाफ दुसऱ्या मार्गावर धावल्या. घड्याळ २१.२४, म्हणजे मार्ग विश्वासाचा. वेळ १:५४:५०. त्याआधी १० किलोमीटर ५१:५० मध्ये झाले होते. या दोन्हींवरून त्यांचा स्वतःचा घातांक १.०६५ येतो, रीगलच्या अगदी शेजारचा. इथे मी पुन्हा घसरलो असतो. घातांक १.०६ ठेवला तर फुल येतं ३:५९:२५! वर्षभरापूर्वी अकरा सेकंदांनी हुकलेले चार तास आता पस्तीस सेकंदांनी आत. मित्र तर उड्याच मारायला लागला: "आता तर फॉर्म्युलाच म्हणून राहिला ना बे!"

वहिनींनी ऐकलं नाही. दहावरून हाफचा घातांक दोन तासांच्या आतलं सांगतो, तिसाव्या किलोमीटरनंतरचं त्यात काहीच नाही, हे त्यांनी नवऱ्याला फळ्यावर शिकवल्यासारखं सांगितलं. मग आम्ही एक आकडा लिहायचं सोडून पट्टा लिहिला. चांगल्यात चांगला घातांक १.०८, वाईटात वाईट १.१३, मधला १.१०, तिन्हींवर दोन टक्के हवेचे. पट्टा आला ४:०७:३७ ते ४:१६:२१, मधला ४:११:०४. शर्यतीच्या दहा दिवस आधी हे तारखेसकट लिहून ग्रुपवर टाकलं, म्हणजे नंतर कुणाला पुसता येऊ नये.

सुरुवातीचा पेस कोणता, यावर मात्र वाद झाला. माझं म्हणणं, पहिले पाच किलोमीटर ६:०५ ने जा, मग वाढवा. त्यांचं म्हणणं, सरळ ५:५७ धरते, मधल्या अंदाजाचा. जगातले वेगवान लोक काय करतात म्हणून पाहिलं. केल्विन किप्टुमने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा तेव्हाचा विश्वविक्रम केला, त्यात पहिला अर्धा ६०:४८ आणि दुसरा ५९:४७. किपचोगेने वर्षभर आधी बर्लिनला २:०१:०९ केले, पहिला ५९:५१, दुसरा ६१:१८. एकाने मागून वाढवलं, दुसऱ्याचं मागून थोडं सुटलं, पण दोघांच्या अर्ध्यांमधला फरक दीड मिनिटाच्या आतला. वहिनींचा गेल्या वर्षीचा फरक साडेएकतीस मिनिटांचा होता. सम पेसवर शिक्कामोर्तब झालं.

एक बारीक गोष्ट, जी पहिल्या वर्षी कुणाच्या डोक्यात आली नाही. घड्याळ अंतर जास्त मोजतं म्हणजे पेसही खोटाच वेगवान दाखवतं. फुलला घड्याळात साडेबेचाळीस भरतात असं धरलं, तर खऱ्या ५:५७ साठी घड्याळावर ५:५४ दिसायला हवा. तीन सेकंद किरकोळ वाटतात, बेचाळिसांनी गुणले की दोन मिनिटं होतात. दक्षिण मुंबईतल्या उंच इमारतींमध्ये तर घड्याळाचा चालू पेस बघूच नये. म्हणून या वेळी घड्याळाचा ऑटो लॅप, म्हणजे दर किलोमीटरला आपोआप होणारी नोंद, बंद केला आणि रस्त्यावरची पाटी आली की हाताने बटण दाबायचं ठरलं. मनगटावरच्या पट्टीवर फक्त दर पाच किलोमीटरचा एकूण वेळ.

पहिल्या पाच किलोमीटरांत चार तासांची बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. नंतर त्या म्हणाल्या, सगळ्या शर्यतीत तेवढंच कठीण होतं.

नोंदी अशा: अर्धं अंतर २:०५:१०. ३० किमी २:५९:४८. ३५ किमी ३:२९:४०. ४० किमी ४:००:०५. शेवट ४:१२:४७.

पेडर रोड धावत चढल्या, हळू, पण धावत. सहा जेल घेतले, दर सहा-सात किलोमीटरला एक. शेवटचे दोन किलोमीटर आणि वरचे काही मीटर ५:४७ ने.

दोन्ही वर्षं शेजारी ठेवली तर पहिल्या ३० किलोमीटरांत त्या या वेळी ६ मिनिटं ८ सेकंद मागे होत्या. ३० ते ४० मध्ये ७९:१० च्या जागी ६०:१७ लागले. सगळी कमाई, आणि वर थोडी, त्या दहा किलोमीटरांत झाली.

श्रेय कुणाला? तंदुरुस्ती सुधारली होती हे हाफवरूनच दिसतं. पण नुसती तीच सुधारली असती आणि घातांक १.२१ च राहिला असता, तर ४:२५ च्या आसपास लागले असते. बाकीची बारा मिनिटं जास्त किलोमीटर, जेल, शहाणा पेस आणि त्या दिवशीची थोडी बरी हवा यांच्यात कशी वाटायची, ते एका धावपटूच्या दोन शर्यतींवरून सांगता येणार नाही. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त मी किलोमीटरांना देईन. वहिनी पेसला देतात.

या वेळचा घातांक निघाला १.१४. तो आमच्या १.१३ च्या टोकापलीकडे, पण वेळ मात्र पट्ट्यात. हवेचे दोन टक्के आम्ही वेगळे धरले होते आणि घातांक काढताना ते आत मिसळतात, म्हणून.

पुढच्या शीटसाठी मी तो रकाना भरायला घेतला तेव्हा एक गोष्ट उरली होती. तेविसाव्या किलोमीटरनंतर शौचालयाच्या रांगेत त्यांचे १ मिनिट ४० सेकंद गेले होते. ते वजा केले तर ४:११:०७, आमच्या मधल्या अंदाजापासून तीन सेकंदांवर. मी सूत्राच्या खोक्यात १०० सेकंद वजा करून टाकले आणि वहिनींना फोटो पाठवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "वजा करू नका. फुलला कुठे ना कुठे दीड मिनिट जातंच. घातांकातच राहू द्या ते."

रकान्यात १.१४ परत टाकलं.